बैलांच्या वाट्याचं मीठ

धंतोली, नागपूर
१२ ऑगस्ट १९८१

श्रीमती वच्छलाबाई यांस,

नमस्कार. वर काय लिहावं हे ठरवण्यातच अर्धी सकाळ गेली. टेकडीवर, महाराजांच्या आश्रमात, तुम्हाला आई म्हणायची बंदी होती, आणि तिथून निघाल्यावर म्हणायची वेळ आली नाही. तूर्त असंच चालवून घ्यावं.

मी सत्यवती, तुमची मुलगी. मनोहरकाकांच्या तेराव्याला आपण एकमेकींना पाहिलं होतं. तुम्ही अंगणात पारिजातकापाशी बसला होतात, मी आत पानं वाढत होते. बोलणं झालं नाही. त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. महाराज गेले, माणसं पांगली, तरी तुम्ही आणि सिंधूताई नावाच्या एक बाई अजून टेकडीवरच राहता, गाई सांभाळता, असं उमरेडहून येणाऱ्या एका गृहस्थांकडून कळलं. म्हणून हे पत्र.

आमचं इकडे ठीक आहे. हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. मुलगा पुण्याला असतो. मी मनाच्या दुखण्यांवर उपचार करते. औषध देत नाही, माणसांना बोलतं करते. घराच्या पुढच्या खोलीतच बसते. शेजारच्या शोभाताई म्हणतात, "मॅडम, तुमचं बरं हाये, लोकं रडतात अन् तुम्ही बसून ऐकता."

पत्राला कारण असं घडलं. इतवारीतल्या एका विणकराच्या घरची बाई, अंजनाबाई, तिच्या पुष्पलताला घेऊन माझ्याकडे येते. पोरगी नऊ-दहा वर्षांची. बाप दारू पिऊन आला आणि जेवणाच्या वेळी त्याने ताटं भिरकावली, तेव्हापासून ती कुणासमोर घास तोंडात घालत नाही. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही दोष नाही. अंजनाबाई रडकुंडीला आलेली.

"मॅडम, समोर बसून भरवते, गोष्ट सांगते, मारून पाह्यलं. तोंडच उघडत नाई वं बाई."

मी म्हटलं, "समोर बसू नका. तिला भिंतीकडे तोंड करून बसवा आणि तुम्ही मागे बसा. मागून हात पुढे करा, घास ठेवा आणि हात काढून घ्या. बोलू नका."

हे मी अगदी सहज बोलले, आवाजही माझा नेहमीचाच होता. पुढच्या आठवड्यात अंजनाबाई आली ती दारातूनच सांगत, "जेवली! अर्धी भाकर जेवली!" माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलीने विचारलं, "मॅडम, ही पद्धत कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हटलं, अनुभवाने सुचतं. ती गेल्यावर मी कपाटातली पुस्तकं काढून बसले. अशी पद्धत कुठल्याही पुस्तकात नाही.

मग ती भिंत डोळ्यांसमोर आली. शेणामातीने सारवलेली, पोपडे आलेली, नाकाच्या इतकी जवळ की तिचा वास यावा. आणि खांद्यावरून पुढे येणारा एक हात.

तुम्हाला एवढंच विचारायचं आहे. टेकडीवर आम्हा मुलांना भिंतीकडे तोंड करून जेवायला बसवत होते का? की हे माझ्या मनाने रचलं? हो की नाही, एवढं कळवावं. बाकी माझ्या मनात काही नाही.

सत्यवती

*

धंतोली, नागपूर
३१ ऑगस्ट १९८१

श्रीमती वच्छलाबाई यांस,

उत्तर आलं नाही. तुम्हाला लिहिता येत नाही हे माझ्या लक्षातच नव्हतं. सिंधूताईंना येत असावं असं धरून चालते.

काल तान्हा पोळा झाला. गल्लीतली मुलं लाकडी बैल सजवून दारोदार फिरत होती. एकाने आमच्या ओसरीवर त्याचा बैल उभा केला आणि म्हणाला, "याले पह्यले काही तरी खाऊ द्या, मंग मले." हे पोट धरून हसले. मीही हसले, आणि मग आत जाऊन खूप वेळ बसून राहिले. कशामुळे ते कळलं नाही.

मागच्या पत्रात बाकी मनात काही नाही असं लिहिलं, ते खरं नव्हतं.

मी आजही भिंतीकडे तोंड करून जेवते. आमच्या स्वयंपाकघरात माझा पाट कोपऱ्यात, भिंतीला लागून असतो. लग्न झालं तेव्हा यांना वाटलं, नवी नवरी लाजते आहे. नंतर म्हणू लागले, "आमच्या हिला भिंतीशी बोलत जेवायचं असतं, आमची कंपनी चालत नाही." लग्नाकार्याच्या पंगतीत मी वाढायला उभी राहते आणि सगळ्यांची पानं उठल्यावर एकटी बसते. लोक म्हणतात, किती कामसू बाई. मनोहरकाकांनी मला कॉन्व्हेंटात ठेवलं, तिथे लांबच्या लांब टेबलं होती, मुली समोरासमोर बसत. मला घास गिळवेना. सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणून एक होत्या, त्यांनी मला टेबलाच्या टोकाला, खिडकीकडे तोंड करून बसवलं. कधी कारण विचारलं नाही. त्या खिडकीतून संत्र्याची दोन झाडं दिसत. त्या झाडांच्या सोबतीने मी मोठी झाले असं म्हटलं तरी चालेल. शनिवारी घरी पत्र लिहायचा तास असे. मी काकांना लिही, ते खुशाली कळवत. तुमच्याबद्दल मी विचारत नसे आणि ते सांगत नसत.

आता जे आठवलं ते सगळं लिहिते. चुकत असेल तर सांगा.

आमची डोकी भादरलेली असत. मुलगा कोण, मुलगी कोण, मागून ओळखू येत नसे. सगळी महाराजांची लेकरं, कुणाला आई नाही, बाप नाही. म्हणून वाढणाऱ्या बाया मागून वाढत. कुठला हात कुणाचा हे कळू नये. जो मागे वळून पाहील त्याच्या पायी सगळी ओळ उपाशी. कवडू नावाचा मुलगा एकदा वळला होता. त्यानंतर कुणी वळलं नाही.

जेवण अळणी. मुलांना मीठ वर्ज्य. महाराज म्हणत, ज्याचं मन निर्मळ झालं त्याला अळण्या भाकरीलाही चव लागेल. आणि वच्छलाबाई, मला चव लागायची. रोज नाही, पण लागायची. भाकरीच्या खालच्या कडेला जीभ लागली की खारट, सुंदर चव. मला वाटे, महाराजांनी माझं मन पाहिलं. केवढा आनंद होई! मी तो कुणाला सांगितला नाही, कारण सांगितलं की निर्मळपणा जातो असंही ते म्हणत.

मग एक दिवस चव गेली. दुसऱ्या दिवशीही नाही. मी घाबरले. संध्याकाळी महाराजांसमोर एकेकाला जीभ दाखवून सांगावं लागे, चव लागली की नाही. माझी पाळी आली आणि मी खरं सांगितलं. मला धान्याच्या कोठीत घातलं, चव येईपर्यंत. तिथे दिवस आणि रात्र सारखीच होती. मी भिंती चाटून पाहिल्या.

मग दार उघडलं. बाहेर इतकं ऊन होतं की डोळ्यांना काहीच दिसेना. पाठीला एक हात लागला आणि कुणी तरी मला पुढे ढकलत नेलं. "मांगं पाहू नको," असं ती बाई म्हणाली. काटेरी कुंपणापलीकडे मनोहरकाका सायकल घेऊन उभे होते. मी मागे पाहिलं नाही. शिकवणच तशी होती.

माझ्याकडे येणाऱ्या माणसांना मी सांगते, तुमचा राग ओळखा, त्याला त्याचं नाव द्या. आणि मला त्या महाराजांचा राग येत नाही. इतक्या वर्षांत एकदाही आला नाही. कारण ती चव. त्यांनी मला जे काही केलं त्याच्या तराजूत मी ती चव टाकते आणि पारडं समतोल होतं. राग येतो तो तुमचा. अशी माझी पाठवणी झाली तेव्हा तुम्ही कुठे होतात? मला न्यायला काका आले, तुम्ही का नाही आलात?

एवढंच मला खरं जाणून घ्यायचं आहे. कोठी होती, भिंत होती, हे मला आता पक्कं माहीत आहे. तुम्ही कुठे होतात?

सत्यवती

*

धंतोली, नागपूर
२४ सप्टेंबर १९८१

आई,

सिंधूताईंच्या हातचं पत्र काल दुपारी आलं. तू बोलत गेलीस तसंच्या तसं त्यांनी उतरवलं आहे, मध्ये "इथं वच्छलाबाई रडून राह्यली" असंही लिहिलं आहे. मी ते वाचलं, यांना वाचायला दिलं, आणि मग यांना म्हटलं, मोठ्याने वाचा. हे वाचू लागले आणि चौथ्या ओळीला चष्मा पुसू लागले.

तुझेच शब्द मी पुन्हा इथे लिहून काढते आहे. माझ्या अक्षरात ते एकदा उमटावेत असं वाटतं.

"सत्ते, काय खुळी पोरगी हायेस तू! त्या बुवाच्यानं भाकरीले चव येते का? त्याच्या सोताच्या वरणाले बायाच फोडणी देत. मीठ मी ठेवत होती. गोठ्याचं काम माह्याकडं होतं. बैलाले मिठाचे खडे देत होतो आम्ही. बैलाले मीठ चाले, लेकराले नाई चालत, असा त्याचा धरम. मी बैलाच्या वाट्यातला खडा पदराच्या गाठीत बांधून आणे अन् तुह्या भाकरीच्या खाली दाबून ठेवे. बैल काही बोलले नाई, बिचारे.

"आपल्या लेकराले आपण वाढू नये म्हणून ओळी वाटून देल्या होत्या. रुख्माबाईचं पोरगं माह्या ओळीत, अन् तू तिच्या. आम्ही गुपचाप अदलाबदल करत होतो. तिले तिचं, मले माह्यं. तू इचारशील, मांगून ओळखलं कसं? तुह्या मानंवर दोन भोवरे हायेत. सारे टकले एका रंगाचे, पण दोन भोवरेवाली एकच.

"मंग एक दिवस पदरात मीठ सापडलं. मले वाढप्यातून काढलं, शेणाच्या कामाले लावलं. म्हणून तुही चव गेली. तुले कोठीत टाकलं हे कानावर आलं तशी मी गुराची ढेप घेऊन येनाऱ्या नत्थूपाशी मनोहरभाऊजीले निरोप धाडला. दुपारी सारे भजनाले बसले तवा कोठीचं दार मीच उघडलं. 'मांगं पाहू नको' असं म्हनाले मले काही हौस नोती. तू पाह्यलं असतं त रडली असती, अन् तुह्या रडन्यानं सारे धावले असते.

"मी काहून नाई आली म्हणतेस? तुले कुंपणापार केलं अन् मी तुह्या जागी कोठीत जाऊन बसली. बाहेरून कोणी गेलं की लहान पोरीवानी खोकलत राह्यली, का आतच हाये असं वाटावं. तोवर सायकल लांब गेली पाह्यजे होती नं."

आई, मी रोज माणसांना विचारते, तुम्हाला कुणी सांभाळलं? आणि स्वतःच्या बाबतीत मी सांभाळणाऱ्याला चुकीच्या माणसाचं नाव दिलं. तुझं मीठ मी त्याच्या नावावर जमा करत राहिले.

काल मला पहिल्यांदा त्या माणसाचा राग आला. किती सुटसुटीत वाटलं म्हणून सांगू! स्वयंपाकघरात जाऊन मी यांना म्हटलं, "तो लबाड होता." हे म्हणाले, "कोण?" मी म्हटलं, "महाराज." हे म्हणाले, "बरं झालं, ओळख झाली."

तू पुढे लिहिलंस, काकांनी तुला सांगितलं होतं की पोर शिकते आहे, तिला टेकडीची आठवण देऊ नका. म्हणून तू आली नाहीस. काकांचा हेतू वाईट नव्हता. आणि बाबा तर आपल्याला टेकडीवर आणून पहिल्याच पावसाळ्यात तापाने गेले. त्यांच्यावर तरी काय रागवायचं? माणसं आपापल्या परीने चुकतात. पण तेराव्याच्या दिवशी तू अंगणात बसली होतीस आणि मला वाटलं ही बाई आता कशाला आली. तू माझ्याकडे पाहत नव्हतीस. मी आत वळले की पाहत होतीस का? माझ्या मानेकडे?

सत्ता

*

धंतोली, नागपूर
२ नोव्हेंबर १९८१

आई,

दिवाळीचा फराळ पोचला का? अनारसे बिघडले होते, पण ते यांनी केले होते म्हणून पाठवले.

तुझं कार्ड मिळालं. "मी कोणाच्या घरी जेवाले बसत नाई, मले उभ्यानं खायाची सवय. अन् गाई कोणापाशी सोडू? इथूनच तुले आशीर्वाद." हे काही चालणार नाही. गाईंना सिंधूताई आहेत. आणि जेवायला बसत नाही असं म्हणणारी आमच्या घरी आधीच एक आहे, तेव्हा तुझं कुणाला नवल वाटणार नाही.

तुला एक गोष्ट सांगते. पुष्पलताच्या घरी तिचा बाप आता संध्याकाळी उशिरा येतो, म्हणजे मुद्दाम येतो, ती जेवल्यावर. मी त्याला बोलावून तसं सांगितलं होतं. तो मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "मॅडम, माग चालवताना एक धागा तुटला त मी दिवसभर शोधतो. घरी ताट फेकलं तवा काहून नाई सुचलं?" ते मी त्याचं त्यालाच ऐकू दिलं.

काल अंजनाबाई आली. हसावं की रडावं हे तिला कळत नव्हतं. "मॅडम, मी मांगून घास देऊन राह्यली होती. तिनं एकदम मांगं वयून पाह्यलं! माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् म्हणे, 'आई, भाजी करपली वं तुही.'"

पुष्पलता तिच्या पदराआडून माझ्याकडे बघत होती. मी तिला विचारलं, "वळलीस कशी गं?"

ती म्हणाली, "पाहाचं होतं, कोण देऊन राह्यलं ते."

आई, एवढंसं पोर ते. तिला कुणी सांगितलं नाही. तिला पाहायचं होतं, म्हणून तिने पाहिलं.

मला अजून जमलेलं नाही. तुझं पत्र आल्यापासून मी पाट दोनदा फिरवून पाहिला. हे समोर बसले, मुद्दाम छताकडे बघत, जणू पंख्याचा अभ्यास करताहेत. माझा घास घशातच राहिला. पुस्तकातलं मला सगळं येतं. हे पुस्तकातलं नाही. हे तुझ्या-माझ्यातलं आहे आणि ते तुझ्यावाचून सुटणार नाही, हे मी आता मान्य करते. म्हणून ये. उमरेडहून सकाळची एस.टी. धर. हे स्टँडवर येतील, उंच आहेत, छत्री घेऊन उभे राहतील, ऊन असलं तरी.

तुझी सत्ता

*

धंतोली, नागपूर
३० नोव्हेंबर १९८१

आई,

तू सुखरूप पोचल्याचं सिंधूताईंचं कार्ड मिळालं. "गाईनं दोन दिवस कमी दूध देलं, वच्छलाबाईवर रुसली" असं त्यांनी लिहिलं आहे. गाईला माझा नमस्कार सांग.

तू गेल्यापासून ती सकाळ मी पुन्हा पुन्हा मनात आणते. तुला ती ठाऊकच आहे, पण तू माझ्या पाठीमागे होतीस. पुढून ती कशी दिसली, ते तुला कळायला हवं.

तू आल्या आल्या स्वयंपाकघराचा ताबा घेतलास. मी किती म्हटलं, बस. तू म्हणालीस, "बसून काय करू? हात काय मांडीत ठेवू?" ज्वारीच्या भाकरी थापल्यास, वांग्याचं भरीत केलंस. हे दाराशी उभे राहून विचारत होते, "आई, मदत करू का?" आणि तू पदर पुढे ओढून मला विचारलंस, "हे मास्तर घरात असेच लुडबुडतात का वं?"

मग मी पाटावर बसले. नेहमीच्याच जागी, भिंतीकडे तोंड करून. मनात मी ठरवलं होतं, आज तुझ्यासमोर बसायचं. पण तू भाकरीची टोपली घेऊन मागे उभी राहिलीस आणि माझे पाय आपोआप तिकडे गेले. आपल्याला एकमेकींच्या शेजारी जेवायची ती एकच रीत येत होती.

खांद्यावरून हात पुढे आला. किती म्हातारा झाला आहे तो! बोटांच्या पेरांत भेगा, त्यांत शेण आणि पीठ. पण मी तो ओळखला, आई. भिंत एक वेळ खोटी म्हणेन, पण हात खोटा म्हणणार नाही. भाकर ताटात पडली आणि हात लगेच गेला नाही. माझ्या मानेवर आला. पांढरे झालेले केस बाजूला सारून तुझं बोट भोवऱ्यावरून फिरलं, आधी एका, मग दुसऱ्या.

मी भाकरीची कड उचलली. खाली मिठाचा खडा होता.

आमच्या घरात भरतात मीठ असतं, चटणीत असतं, लोणच्यात असतं. ताटाच्या कोपऱ्यातही मी यांच्यासाठी वाढते. तरी तू पदराच्या गाठीत बांधून आणला होतास. टेकडीवरून, गोठ्यातून, एस.टी.तून.

मी तो जिभेवर ठेवला. तीच चव होती. आणि मला पाहायचं होतं, कोण देऊन राह्यलं ते.

मी वळले.

तू घाबरलीस. खरंच घाबरलीस, टोपली हातातून निसटली. "मांगं पाहू नको" असं तुझ्या तोंडून निघूनही गेलं. आणि मग तू स्वतःच पदर तोंडाला लावलास आणि हसायला लागलीस. तुझे पुढचे दात पडले आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या हनुवटीवर गोंदण आहे हेही मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तुझा हात पाठ होता आणि चेहरा असा नवा कोरा.

"पाह्य," तू म्हणालीस. "पाह्य आता. पोटभर पाह्य."

मग तू माझ्यासमोर खाली बसलीस, आणि मी त्याच ताटातला अर्धा तुकडा तुझ्या हातावर ठेवला. तू खाल्लास. बसून. हे दारातून म्हणाले, "मीही येऊ का, की बंदी आहे?" आणि तू त्यांना म्हणालीस, "या मास्तर. इथं कोणाले बंदी नाई."

सोमवारी पुष्पलता आली होती. मी तिला सांगितलं, मीही वळून पाहिलं. तिने विचारलं, "मंग? करपली होती का?" मी म्हटलं, नाही, छान झाली होती.

माझा पाट आता भिंतीपासून निघाला आहे. अजून घास हळूहळूच उतरतो, कधी अडकतो. अडकला की मी समोर बघते, आणि यांना कळतं, ते मुकाट्याने पाणी पुढे सरकवतात. संत्री आली आहेत बाजारात. गाईचा रुसवा गेला की ये. समोरची जागा तुझी आहे.

तुझी
सत्ता

ता. क. तुझे जावई म्हणतात, त्या दिवशी त्यांच्या भाकरीखाली काहीच सापडलं नाही. पुढच्या खेपेला बैलांना सांगून थोडं जास्तीचं घेऊन ये.